मागची रिकामी आहे

गाडी चालू होती, पहिला गिअर पडला होता, हँडब्रेक सुटला होता, आणि माझे सासरे दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून समोर बघत बसले होते. गाडी हलत नव्हती.

"मामा, निघू या," मी म्हणालो.

"हं."

आणखी अर्धा मिनिट गेलं. अंगणात माझी बायको शालन आणि तिची धाकटी बहीण वैजयंता आमच्याकडं बघत उभ्या होत्या. आमच्या मागं माझे साडू धैर्यशीलराव जगदाळे आपली डिझेलची मोठी गाडी घुरघुरत ठेवून बसले होते.

"काही अडलंय का, मामा?"

"बेल कुठं दिलीस?"

"कसली बेल?"

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. चौतीस वर्षं एस.टी. चालवलेला माणूस कंडक्टरच्या उमेदवाराकडं बघेल, तसं. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. मी खिडकीतून हात बाहेर काढला आणि टपावर दोनदा वाजवलं. ठक, ठक.

गाडी सुटली.

ही गोष्ट सतरा वर्षांपूर्वीची. सासऱ्यांचं नाव निवृत्ती खोपडे. निवृत्त होऊन त्यांना तेव्हा बारा वर्षं झाली होती, पण नावापलीकडं त्याचा काही परिणाम दिसत नव्हता. सासूबाई गेल्यावर ते कुंभार्ली घाटाच्या तोंडाशी, हेळवाकच्या पुढं, चार खोल्यांच्या घरात एकटे राहत. पहाटे चारला उठत, पावणेपाचला आंघोळ, पाच पंचेचाळीसला चहा. चहा पाच पन्नासला झाला तर तो उशिरा आला असं धरत. त्या उन्हाळ्यात न्हाणीघरात पाय घसरून ते पडले आणि तीन तास तिथंच पडून राहिले. शेजारच्या माणसानं पाच पंचेचाळीसचा चहा झाल्याचा धूर दिसला नाही म्हणून येऊन पाहिलं. मग दोन्ही मुलींनी ठरवलं, आबांना आता एकटं ठेवायचं नाही.

प्रश्न एवढाच होता की कुणाकडं. आमच्याकडं कराडला, की धैर्यशीलरावांकडं पुण्याला.

दोघी बहिणींनी आपापल्या बाजूनं जोर लावला. शेवटी मामांनीच फोन करून निकाल कसा लागणार ते सांगितलं.

"दोघं आपापल्या गाड्या घेऊन रविवारी या. घाटात चालवून बघतो. जी गाडी जमंल, तिच्यात बसून जातो."

आता मी एक गोष्ट सरळ कबूल करतो. ते माझ्याकडं यावेत असं मला वाटत नव्हतं. माझं घर दोन खोल्यांचं, मुलगी दहावीला, आणि पहाटे चारला उठून नळ सोडणारा माणूस भिंतीपलीकडं. पुण्यात धैर्यशीलरावांच्या घरात माणसांपेक्षा खोल्या जास्त होत्या. पण मामा आपल्याकडं यावेत असं धैर्यशीलरावांच्याही मनात नव्हतं, हे मला रविवारी सकाळी पहिल्या चहाला कळलं.

त्याआधी आमचा इतिहास सांगायला हवा. माझ्याकडं पेट्रोलवरची छोटी गाडी होती, तिला मागं दारं आहेत हे लोकांना सांगावं लागे. धैर्यशीलराव जागांचे व्यवहार करत, त्यांच्याकडं सात माणसांची, डिझेलची, पांढरी, ट्रॅक्टरच्या चाकांची गाडी होती. सलग चार दिवाळ्या आम्ही सासरच्या जेवणाला गाड्यांवरून भांडलो होतो. ते म्हणायचे, तुमच्या गाडीला शिलाई मशीनचं इंजिन आहे. मी म्हणायचो, तुमची गाडी वळवायला तलाठ्याची परवानगी लागते. ते म्हणायचे, डिझेलची ओढ काय असते ते तुम्हाला या जन्मी कळायचं नाही. मी म्हणायचो, ओढ असेल, पण शेजारचा माणूस काय बोलतो ते ऐकू येत नाही. त्यावर ते म्हणायचे, शेजारी तुम्ही असाल तर तो फायदाच आहे.

त्या रविवारी बशीतला चहा फुंकत मी सुरुवात केली.

"मामा, खरं सांगू का? साडूंच्या गाडीला तोड नाही. उंच बसायचं, चारी बाजूचं दिसतं."

धैर्यशीलरावांनी कप खाली ठेवला.

"उंच आहे हो," ते म्हणाले, "पण तीच तर अडचण आहे. मामांचा डावा गुडघा. रोज एवढं चढायचं म्हणजे... त्यापेक्षा ह्यांची छोटी बरी. हलका क्लच. दार उघडलं की बसलं."

"बसायला बरी आहे, पण उठायला?" मी म्हणालो. "जमिनीवर बसल्यासारखं होतं. गुडघ्याला मोठीच चांगली."

"आवाज बघा ना पण. पेट्रोलला आवाजच नाही. म्हाताऱ्या माणसाला शांतता लागते."

"आवाज नाही म्हणजे जीव नाही. मामांचं सगळं आयुष्य डिझेलवर गेलंय. त्यांना पेट्रोलचा वास तरी सोसंल का?"

शालन पोह्यांच्या बशा घेऊन दारात उभी होती. "तुम्ही कधीपासनं डिझेलचे झालात?" तिनं मला विचारलं.

"माणसानं मोकळ्या मनाचं असावं," मी म्हणालो.

 पाच मिनिटं मामा आमच्या दोघांच्या तोंडांकडं आळीपाळीनं बघत होते. मग उठले, धोतराऐवजी घातलेली खाकी पँट वर ओढली, आणि ठरवून टाकलं. उतरताना छोटी, चढताना मोठी. चालवणार ते. पहिल्या गाडीत शेजारी मी, मागून धैर्यशीलराव रिकामी मोठी घेऊन. खाली पोफळीला अदलाबदल.

बाहेर पडताना मी पाहिलं, माजघराच्या दाराआड त्यांची लोखंडी ट्रंक उभी होती. तिला कुलूप घातलेलं होतं.

माझ्या गाडीत त्यांची पहिली अडचण इंजिनाची झाली. ते चालू आहे की नाही हे त्यांना कळेना. चालू इंजिनाला त्यांनी दोनदा पुन्हा चावी मारली, आणि दोन्ही वेळा गाडी अशी किंचाळली की अंगणातल्या कोंबड्या परसात गेल्या.

"मुकं हाय," ते म्हणाले.

प्रत्येक गिअरला ते क्लच दोनदा दाबत. प्रत्येक वळणाला हॉर्न, लांब, पोटातून येईल असा. माझ्या गाडीचा हॉर्न पोटातला नव्हता, पण त्यावाचून त्यांचं काही अडलं नाही. शिवाय ते थांबत. रस्त्यात जिथं जिथं थांब्याची पाटी होती, तिथं गाडी डावीकडं घेऊन थांबत, माणूस असो वा नसो. नसला तर माझ्या दोन टकटकींची वाट बघत. तिसऱ्या थांब्यापासून ते मला 'मास्तर' म्हणू लागले. एस.टी.तले ड्रायव्हर कंडक्टरला तसं म्हणतात.

घाटमाथ्याच्या थांब्यावर मात्र माणूस होतं. साठ-पासष्टची एक बाई, इरकली लुगडं, डोक्यावर गाठोडं, आणि हातात पिशवी. पिशवीतून एका कोंबडीची मान बाहेर आली होती. बाईनं हात केला. मामा थांबले.

बाई माझ्या खिडकीशी आली. मी काच खाली केली.

"पोफळीला जायाचं हाय वो. लेक बाळंत झालीया."

मी मागच्या सीटकडं पाहिलं. सीटवर शालननं आदल्या दिवशी धुऊन घातलेली पांढरी कव्हरं होती. मी कोंबडीकडं पाहिलं. कोंबडीनं माझ्याकडं पाहिलं.

"मावशी, मागची रिकामी आहे," मी म्हणालो. "मोठी गाडी येतेय बघा मागून. ऐसपैस बसाल."

"यील न्हवं?"

"ही काय, आलीच."

काच वर केली. टपावर दोनदा वाजवलं. मामांनी आरशात पाहिलं, माझ्याकडं पाहिलं नाही, आणि गाडी सोडली. मला आठवतं, मनात मी खूश होतो. ते वाक्य मी लहानपणापासून एस.टी.च्या दारातून ऐकत आलो होतो, आणि या वेळी ते शब्दशः खरं होतं. मागची खरंच रिकामी होती.

घाट त्यांनी दुसऱ्या गिअरमध्ये उतरवला. ब्रेकला जवळजवळ पाय लावला नाही.  मी मध्येच म्हणालो, "मामा, ही चढायची वेळ आली की ए.सी. बंद करावा लागतो बरं का. नाहीतर ओढतच नाही." त्यावर ते फक्त "हं" म्हणाले. माझ्या गाडीची एवढी बदनामी मी स्वतः कधी केली नव्हती.

पोफळीला चहाच्या टपरीवर धैर्यशीलराव मागून येऊन उभे राहिले. मागच्या सीटवर कुणी नव्हतं. माझ्या ते लक्षात आलं. मामांच्याही आलं असावं, कारण त्यांनी काचेतून आत वाकून पाहिलं.

"वाटेत कोण भेटलं न्हाई?" त्यांनी विचारलं.

"कोण भेटणार?" धैर्यशीलराव म्हणाले. "काचा बंद होत्या. फोनवर होतो."

मामांनी चहा बशीत ओतला आणि तो निवेपर्यंत डोंगराकडं बघत राहिले.

चढताना ते मोठ्या गाडीत, शेजारी धैर्यशीलराव, मागून मी. मोठ्या गाडीत चढताना मामांनी वरचा दांडा धरला, उजवा पाय ठेवला, डावा उचलला आणि एक क्षण अधांतरी थांबले. धैर्यशीलराव लगेच म्हणाले, "बघितलंत? त्रास होतोय." मी मागून ओरडलो, "सवयीनं होतं सगळं."

मग मी जे पाहिलं ते मान्य करायला हवं. ती गाडी त्यांच्या हातात घाट अशी चढली की जणू रस्ताच खाली सरकत होता. तिसऱ्यावरून खाली न येता. आणि मागं मी, ए.सी. बंद, काचा उघड्या, घामेघूम, पहिल्या-दुसऱ्यात रडत. तिच्या धुराचा वास घेत मी ठरवलं, निकाल लागला. आता पुण्याला.

घाटमाथ्याला मोठी गाडी थांबली. थांब्याची पाटी होतीच. पण मी मागं जाऊन थांबलो तरी ती सुटेना. मी उतरून पुढं गेलो.

बाई तिथंच होती. गाठोडं खाली ठेवून त्यावर बसलेली. कोंबडीला पिशवीतून काढून पायाला दोरी बांधून बाजूला ठेवलं होतं. दीड तास झाला होता.

मामा खाली उतरले होते. "एस.टी. न्हाई आली?" ते बाईला विचारत होते.

"आली की. भरलेली. ते पन म्हनलं मागची रिकामी हाय."

"आन मग?"

"ह्ये सायेब पन म्हनलं," तिनं माझ्याकडं बोट केलं. "मोठी येतीया म्हनलं. आली मोठी. म्या हात केला." मग तिनं त्या पांढऱ्या गाडीकडं बोट केलं. "गेली."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. गाड्या जातात हे तिला माहीत होतं.

धैर्यशीलरावांनी घसा साफ केला. मी रस्त्याकडं पाहिलं. रस्त्यावर बघण्यासारखं काही नव्हतं.

"बस, बाई," मामा म्हणाले आणि मोठ्या गाडीचं मागचं दार उघडलं.

तिनं पायरीकडं पाहिलं, लुगडं सावरलं, एक पाय उचलला, खाली ठेवला. दुसरा उचलून पाहिला. "येवढ्या उंचावर म्या न्हाई चढायची," ती म्हणाली. "ती बारकी बरी."

मामांनी माझ्यापुढं हात केला. मी चावी दिली. कोंबडी पांढऱ्या कव्हरावर बसली, बाई तिच्या शेजारी, गाठोडं पुढच्या सीटवर. माझ्यासाठी जागा उरली नाही.

"तुम्ही दोघं मागच्या गाडीतनं या," मामा म्हणाले.

ते चालकाच्या जागी बसले आणि हात स्टेअरिंगवर ठेवून थांबले. मी टपावर दोनदा वाजवलं. माझी गाडी माझ्याशिवाय घाट उतरू लागली.

अशा रीतीनं चार वर्षांच्या वादानंतर मी प्रथमच त्या डिझेलच्या गाडीत बसलो. खरंच उंच होती. माझी गाडी वरून काडेपेटीसारखी दिसत होती, आणि प्रत्येक वळणावर हॉर्न देत होती.

"चांगली आहे," मी म्हणालो.

"तुम्हाला सांगतो, क्लच जरा जड आहे," धैर्यशीलराव सवयीनं म्हणाले.

"आता राहू द्या."

"हो."

तीन वळणं गेली.

"मला खरंच दिसली नाही हो ती," ते म्हणाले. "एवढी उंच गाडी."

"मला दिसली होती," मी म्हणालो. ते बोलायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं.

पोफळीत बाई उतरली. मामांनी तिचं गाठोडं तिच्या डोक्यावर ठेवून दिलं, कोंबडीची पिशवी हातात दिली. ती वळणाआड जाईपर्यंत ते उभे राहिले. मग आमच्याकडं आले. आम्ही दोघं त्या मोठ्या गाडीला टेकून, शाळेत बाहेर काढलेल्या मुलांसारखे उभे होतो.

"चौतीस वर्षं," ते म्हणाले, "माझे मास्तर दारातनं ह्येच वाक्य बोलायचे आन मी गिअर टाकायचो. मागची रिकामी हाय. मागं काय असतं ते मला ठावं हाय, जावईबापू. मागं धुरळा असतो."

त्यांनी खिशातून माझी चावी काढून माझ्या हातात दिली.

"सकाळच्या चहापास्नं तुमी दोघं मला तेच सांगाय लागलाय. ह्यो म्हनतो मागची डिझेल रिकामी, त्यो म्हनतो मागची पेट्रोल रिकामी."

"मामा, तसं नाही," धैर्यशीलराव म्हणाले. "गुडघ्याचा विचार करून..."

"गुडघा दोन्ही गाड्यांत दुखतोय," मामा म्हणाले. "चला. जेवनं थांबली असतील."

जेवायला बसलो तेव्हा कुणीच विषय काढला नाही. मामांनी आमटीभात कालवला, पहिला घास घेतला, आणि म्हणाले, "पेट्रोल."

शालननं माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, जशी लग्नानंतर पहिल्या वर्षी पाहत असे. वैजयंताच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आबा, आमच्या गाडीला काय झालं?"

"काय न्हाई झालं. झ्याक गाडी हाय. बैलावानी वढती. पन तिच्यातनं लांबचं दिसतं, जवळचं दिसत न्हाई. बॉनेटखाली कोन हुबं ऱ्हायलं तर कळायचं न्हाई." त्यांनी लेकीच्या पानात लोणच्याची फोड सरकवली. "ह्यांची मुकी हाय. चढाला तिला दम लागतो. मला बी लागतो."

धैर्यशीलरावांचा घास हातात होता. सुटका झालेल्या माणसाचा चेहरा कसा असतो हे मला बघायचं होतं, म्हणून मी पाहत होतो. तो तसा नव्हता. त्यांनी घास ताटात परत ठेवला आणि बोटानं भात उगीच इकडून तिकडं केला.

ट्रंक माझ्या डिकीत मावेना. उभी मावेना, आडवी मावेना. धैर्यशीलराव बघत उभे होते. मग पुढं आले, एकट्यानं ट्रंक उचलली आणि आपल्या गाडीत मागं ठेवली.

"कराडवरूनच जायचंय मला," ते म्हणाले. "घरापर्यंत आणून देतो. येतो तुमच्या मागून."

"तुम्हाला उशीर होईल."

"होऊ द्या हो."

बहिणी दोघी धैर्यशीलरावांच्या गाडीत बसल्या नाहीत. घर आवरून चार वाजताच्या एस.टी.नं येतो म्हणाल्या. मामांनी घराची किल्ली मुलींकडं दिली, पाच पंचेचाळीसला धूर शोधू नको असं शेजाऱ्याला सांगितलं, आणि येऊन माझ्या शेजारच्या सीटवर धप्पकन बसले. आता चालवणार मी होतो. मागच्या कव्हरावर कोंबडीनं जे ठेवलं होतं ते तसंच होतं. शालनला ते घरी गेल्यावर दिसणार होतं.

मी चावी फिरवली. मग राहवलं नाही म्हणून विचारलं.

"मामा, लबाडी दोघांनीही केली. मग माझीच गाडी का?"

ते समोर बघत होते.

"ड्यूटीत दोन गुन्हे असत्यात," ते म्हणाले. "एक, थांब्यावर न थांबनं. दुसरा, थांबून प्याशिंजर न घेनं. दुसरा बारका." मग म्हणाले, "तू काच तरी खाली केलीस."

मी हँडब्रेक सोडला. पुढं अकरा वर्षं ते आमच्याकडं राहिले, रोज पहाटे चारला नळ सोडत राहिले, माझी मुलगी त्या नळाच्या आवाजावर उठून अभ्यास करून दहावी पास झाली.

"मागची येतीया का?" त्यांनी विचारलं.

मी आरशात पाहिलं. अंगणाच्या फाटकात पांढरी गाडी दिवे लावून उभी होती. काचा खाली होत्या.

"येतेय, मामा."

"रिकामी?"

"ट्रंक आहे."

"मग झालं," ते म्हणाले, आणि डॅशबोर्डवर बोटानं दोनदा वाजवलं.